बाहुलीवालीचा पत्ता

३ नोव्हेंबर

प्रिय मांजर,

पुस्तक पोचलं. पाकीट इतकं चिकटवलं होतंस, की कात्री घ्यावी लागली, आणि कात्रीचं टोक मागच्या बाजूच्या तुझ्या फोटोला लागलं. कानापाशी जरासा चरा आहे. बाकी चेहरा शाबूत.

फोनच केला असता, पण फोनवर तू 'हं, हं' करतेस आणि मला माझाच आवाज ऐकू येतो. म्हणून हे पत्र.

तुझ्या आईने आधीच कळवलं होतं, की पुस्तकात घरातलं काही नाही, सगळं बाहेरचं आहे. मावशीचा जीव भांड्यात पडलेला दिसला. मीही निर्धास्त वाचायला घेतलं. पहिल्या नोकरीतल्या साहेबाला छान सोलून काढलंस. उसने बूट घालून मुलाखतीला गेलीस, तो लेख वाचून हसू आलं. ते बूट माझे होते हे लिहिलं नाहीस ते बरं झालं, टाचा पार गेलेल्या होत्या. खोली न मिळणं, मैत्रिणी तुटणं, आपण मोठे झालो की नाही हे न कळणं, हे सगळं तू माझ्याकडे राहत होतीस तेव्हा चाललं होतं आणि मला त्यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाची खबर पुस्तकातून लागावी म्हणजे कमालच.

पण लिहायला बसले ते बाहुलीवालीसाठी. तो लेख मी दोनदा वाचला. तुटक्या बाहुल्यांना हातपाय बसवून देणारी ती बाई, कामाच्या टेबलाशी बसून त्यांच्याशी बोलते. 'काय बाई, कोणी टाकलं तुला?' म्हणून विचारते. संध्याकाळी घरी येऊन मेजावर दोन कप मांडते, एकात चहा ओतते आणि दुसरा रिकामाच विसळून ठेवते. शेवटी तू लिहिलंयस, 'तिच्याकडे पाहून मी ठरवलं, काहीही झालं तरी आपलं असं होऊ द्यायचं नाही.' वाक्य कठोर आहे. पण त्या वयात माणूस असाच विचार करतो.

कोण गं ती? कुठे भेटली तुला?

इकडे सगळं ठीक. लॅबमध्ये कामाचा ढीग आहे. आज एका आजोबांची कवळी पुरी झाली. डबीत ठेवताना तिला म्हटलं, 'जा आता. नीट चावा, पण घरच्यांना चावू नका.' थोरले हसता हसता खोकायला लागले. थोरले म्हणजे आमचे मोठे कारागीर, तुला आठवत असतील. ते तुझ्या पुस्तकाचं कव्हर पाहून म्हणाले, पोरगी बारीक झाली.

जेवत जा.

तुझी
ताई


११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. पुस्तकामुळे रोज कोणी ना कोणी बोलावतं, आणि मला नाही म्हणता येत नाही. परके लोक येऊन म्हणतात, 'हे आमचंच लिहिलंय तुम्ही.' मग मी मान हलवते. मान हलवण्याचा आता मला सराव झाला आहे.

एक बातमी. तुझ्याच शहरातल्या मोठ्या वाचनालयाने जानेवारीत मला वाचनाला बोलावलं आहे. त्यांना बाहुलीवालीचाच लेख हवा आहे. सगळ्यांना तोच आवडतो. मी दुसरा काही सुचवून पाहिला, त्यांनी ऐकलं नाही.

ती म्हणजे मी पूर्वी पाहिलेली एक बाई. तू तिला ओळखत नाहीस. शिवाय लेखात सगळं जसंच्या तसं येत नसतं. थोडं पाहिलेलं असतं, थोडं जोडलेलं. तू मेणात दात लावतेस ना, तसं समज.

बुटांचं लिहायला हवं होतं. राहून गेलं.

तुझी
मांजर


१९ नोव्हेंबर

प्रिय मांजर,

वाचनालयाची बातमी मी लॅबभर केली. आम्ही सगळे येणार. पुढच्या रांगेत बसू. थोरले म्हणाले, 'पुढे बसलो तर झोपता येणार नाही,' म्हणजे येणार आहेत.

आता दातांचं. मी मेणात दात माझ्या मनाने लावत नाही बाई. समोर माणसाच्या जबड्याचा साचा असतो. जबडा कोणाचा तरी असल्याशिवाय कवळी होत नाही. तेव्हा तुझी बाहुलीवालीही कोणी तरी आहेच. तिचा पत्ता दे.

हसू नकोस. एखाद्या बाईचं इतकं सगळं कळल्यावर, तिच्या मेजावरचा कपसुद्धा कळल्यावर, नुसतं पुस्तक मिटून झोपायचं, हे मला जमत नाही. तुम्हा लेखकांना जमत असेल. मी काही तिच्या गळ्यात पडणार नाही. सुटीच्या दिवशी जाईन, एखादी बाहुली दुरुस्तीला नेईन. बाहुली नाही माझ्याकडे, पण मिळवीन. चार शब्द बोलून येईन. पटलं तर पुन्हा जाईन.

थोरले म्हणतात, 'लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरलं नाही वाटतं, आता त्यांच्या घरात घालताय.' त्यांचं काय जातंय बोलायला.

तू लिहिलंयस, की तिच्या दुकानात थंडी असते आणि ती खांद्यावर टॉवेल टाकून बसते. मीही तशीच बसते, म्हणून मला ठाऊक आहे, टॉवेलने काही होत नाही. तिच्यासाठी स्वेटर घातलाय सुयांवर. करड्या रंगाचा, मळखाऊ.

पत्ता लवकर कळव.

तुझी
ताई


२४ नोव्हेंबर
(पाठवलं नाही)

ताई,

पत्ता तुला माहीत आहे. तुझाच आहे.

मी दातांच्या जागी बाहुल्या घातल्या आणि लॅबच्या जागी दुकान. केस पिकवले. चष्मा दिला. एवढं पुरेल असं वाटलं होतं. तू ओळखशील याची भीती पुस्तक छापून येईपर्यंत रोज होती. न ओळखण्याची भीती बाळगायला हवी होती, हे डोक्यात आलं नाही.

खांद्यावर टॉवेल टाकून मीही बसते, असं लिहितेस. आजोबांच्या कवळीशी काय बोललीस ते त्याच पत्रात लिहितेस. आणि तुला दिसत नाही. तुझं पत्र वाचताना मला आधी हसू आलं, ताई. हेही तुला सांगायला हवं. मग स्वेटरपाशी आले.

तुला स्वतःची कीव येत नव्हती. मी ती आणून दिली, आणि तू ती दुसऱ्या कोणाची तरी आहे समजून पोचवायला निघालीस.


२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

घाईत लिहिते आहे. ती बाई आता तिथे नाही. दुकान बंद झालं असं ऐकलं. कुठे गेली कोणाला माहीत नाही, मीही चौकशी केली. तेव्हा पत्त्याचं राहू दे.

स्वेटर विणू नकोस. तुझे डोळे दिवसभराच्या कामाने आधीच शिणतात. आणि वाचनाला सगळ्यांनी यायची खरंच गरज नाही. सभागृह लहान आहे, गर्दी होईल. तू ते सगळं वाचलंच आहेस.

आई बरी आहे.

तुझी
मांजर


१४ डिसेंबर

प्रिय मांजर,

सोबत स्वेटर आहे. विणू नकोस म्हणालीस तेव्हा पाठ होऊन गेली होती, पुढचाच भाग राहिला होता. अर्धा स्वेटर घेऊन काय करू? आणि माणूस असा हवेत विरत नाही. तू लिहिणारी बाई आहेस, दहा ठिकाणी तुझं जाणं-येणं, कधी तरी दिसेल. दिसली की दे. माझं नाव सांगू नकोस, परक्याकडून घ्यायला अवघडल्यासारखं होतं. तूच आणलास म्हण.

माप कोणाचं घ्यावं कळेना. शेवटी माझ्याच अंगाचं घेतलं. तू तिला 'ना जाड ना बारीक, कुठेही चटकन न दिसणारी' म्हटलंयस. तेवढ्यात मी बसते.

काल चहाच्या वेळी तो लेख मी लॅबमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. तुझ्यासारखा जमला नसेल, पण आवाज चढवून-उतरवून वाचला. साचे ओतणारी आमची प्लास्टरवाली पोरगी डोळे पुसत होती. थोरले मात्र गप्प. एरवी मधे मधे बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, 'त्या बाईला मी ओळखतो.' मी म्हटलं, 'अहो, मग सांगा की कुठे असते, मी तिला शोधतेय.' तर म्हणाले, 'असेल इथंच कुठे तरी,' आणि चहा तसाच ठेवून पॉलिशच्या मशीनवर जाऊन बसले. मशीन सुरू असलं की त्यांच्याशी बोलता येत नाही. वयाबरोबर चक्रम होत चाललेत.

सभागृह लहान असलं तरी आम्ही लवकर येऊन जागा धरू. तू काळजी करू नकोस.

तुझी
ताई


२२ डिसेंबर

ताई,

स्वेटर आला. घडी मोडली नाही.

हे आधीही लिहिलं होतं, पाठवलं नाही. आता थोरल्यांनी ओळखलंय, म्हणजे आज ना उद्या तुला कळणार. दुसऱ्याने सांगण्याआधी सांगते आहे, यात मोठेपणा काही नाही.

बाहुलीवाली तू आहेस. बाहुल्या म्हणजे तुझ्या कवळ्या. दुकान म्हणजे लॅब. मी तिथे तुला भेटायला यायचे तेव्हा कधी कधी दाराच्या काचेबाहेर उभी राहून बघायचे. तू एकटी असायचीस आणि दातांशी बोलत असायचीस. मी ते मैत्रिणींना करून दाखवायचे. त्या हसायच्या. नंतर ते लिहिलं तेव्हा हसू काढून टाकलं आणि दुःख घातलं. दुःखाला मान असतो म्हणून.

कपाचंही तुझंच आहे. एकदा मी संध्याकाळी लवकर आले होते. दार अर्धं उघडं होतं. तू मेजाशी होतीस, तुझा चहा पिऊन झाला होता आणि दुसरा कोरडा कप उचलून तू नळाखाली धरलास. मला आत येववलं नाही. वाटलं, आपण हिचं काही तरी उघडं पाहिलं. तशीच मागे फिरले आणि मैत्रिणीकडे जाऊन जेवले. वाटेतच लेखातलं शेवटचं वाक्य सुचलं होतं.

तुला वाटेल, लिहिताना मला वाईट वाटत असेल. नव्हतं वाटत. बरं वाटत होतं. मी तेव्हा कोणीच नव्हते. नोकरी टिकत नव्हती, लिहिलेलं परत येत होतं. तुझ्याकडे पाहून वाटायचं, मी निदान ही नाही. लोक म्हणतात त्या लेखात माया आहे. असेल. ती मागाहून लावलेली आहे.

पत्रात मी 'ती गेली, दुकान बंद झालं' असं लिहिलं. तू चालतीबोलती असताना तुला मी घालवून दिलं.

वाचनाला येऊ नकोस, असं सांगायचा मला अधिकार नाही. पण पुढच्या रांगेत तू बसली असताना मला तो वाचता येणार नाही, आणि तू नसताना वाचणं त्याहून वाईट. काय करू ते सांग. किंवा नको सांगूस.

मांजर


२ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं का? फोन केला, उचलला नाहीस. लॅबमध्ये केला तर प्लास्टरवाल्या मुलीने घेतला. 'त्या कामात आहेत' म्हणाली. मागे मशीनचा आवाज येत होता.

शिव्या दिल्यास तरी चालेल.


९ जानेवारी

प्रिय मांजर,

पत्र पोचलं होतं. शिव्या द्यायच्या तर फोनवर दिल्या असत्या, पत्राला तिकीट कशाला लावू? लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

आधी वाचनाचं. मी येणार नाही. मला सर्दी झाल्याचं थोरल्यांना सांगेन. त्यांना पटणार नाही, पण ते विचारणार नाहीत. तू वाच, लोकांना आवडतंय तर वाच. लेख पुस्तकातून काढायची भाषा करू नकोस. छापलेलं माघारी येत नाही, काढलंस तर उलट सगळे विचारतील का काढला.

तुझ्यावर रागावले का, तर हो. पण तुझ्या लिहिण्यापेक्षा मला माझ्या वाचून दाखवण्याची लाज जास्त वाटते. आवाज चढवून-उतरवून वाचलं मी, मांजर. आवंढा येईल तिथे थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, लेख किती रंगलाय. आता चहाच्या वेळी कोणी माझ्याशी मोठ्याने बोलत नाही. दुखणाईत माणसाशी बोलावं तसं बोलतात. प्लास्टरवाली पोरगी परवा विचारत होती, 'ताई, सुटीच्या दिवशी आमच्याकडे येता का जेवायला?' मी तिला विचारलं, 'बाहुली घेऊन येऊ का?' ती रडायलाच लागली. मग तिला पाणी द्यावं लागलं.

दातांशी बोलते ते खरं आहे. अजूनही बोलते. तोंड असून उलटून बोलत नाहीत, असे दुसरे कोण भेटणार. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. तुला दिसलं असेल तर ते तुझ्यापाशी ठेव.

तुला नवल वाटतंय, की मी स्वतःला ओळखलं कसं नाही. मलाही वाटलं. पुस्तक पुन्हा काढलं आणि लेख पहिल्यापासून वाचला. टॉवेल माझा, खिडकी माझी, गाणं अर्ध्यावर सोडायची खोड माझी. तरी ती मी वाटेना. मग कळलं. ती एकटी आहे. त्या वर्षांत मी एकटी नव्हते. घरात तू होतीस.

दुसरा कप तुझा होता.

सकाळी जाताना जिन्यावरून तू ओरडायचीस, 'ताई, आज चहाला येते गं.' रोज नाही, पण ओरडायचीस. म्हणून मांडायचे. नाही आलीस की विसळून जागेवर ठेवायचे. रात्री आल्यावर तो मेजावर दिसला असता तर तुला ओशाळल्यासारखं झालं असतं, आणि नोकरीवरून आधीच तोंड उतरलेलं असायचं तुझं. मी झोपले असं समजून तू पाय न वाजवता यायचीस. मांजर नाव मी उगाच नाही पाडलं. मी जागी असायचे.

तू दारातून पाहिलंस त्या दिवशी आत आली असतीस, तर त्या कपात चहा पडला असता. किटलीत होता.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तुला ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी बोलले नाही. पण तू जे उघडं पाहिलंस म्हणतेस, ते माझं नव्हतं.

स्वेटर पाठवून दे. इथे थंडी वाढली आहे, आणि तो माझ्याच मापाचा आहे.

ताई


१३ जानेवारी

ताई,

वाचनालयाला कळवलं, की बाहुलीवाली वाचणार नाही, बुटांचा लेख वाचेन. ते नाराज झाले. त्या लेखात एक वाक्य वाढवलं आहे, बूट कोणाचे होते आणि टाचा कशा होत्या त्याचं. दुसऱ्या कोणाला ते लागणार नाही.

बाहुलीवालीचा लेख दुरुस्त करायला बसले होते. कप कोणाचा, एवढंच बदलायचं होतं. ते बदललं की बाई मेजाशी नुसती चहा पीत बसलेली उरते, तिच्यात लिहिण्यासारखं काही राहत नाही. दाराबाहेर उभी असलेली मुलगी मात्र दिसायला लागते. तिचं एकही वाक्य मला लिहिता आलं नाही. कागद तसाच ठेवला आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी चहा प्यायले नाही असं लिहिलं असतं, तर ते लेखात शोभलं असतं. प्यायले. रोज पिते.

स्वेटर टपालाने पाठवत नाही. वाचनाच्या आदल्या दिवशी मी येते आहे, तेव्हा घेऊन येईन. तू दार उघडलं नाहीस तर बाहेर कडीला अडकवून जाईन.

वर जी खाडाखोड दिसते आहे तिथे 'संध्याकाळी चहाला येते' असं लिहिलं होतं. हात सवयीने लिहून गेला. तेवढं वाचू नकोस.

कप मांडून ठेवू नकोस. मी आले की मीच काढीन. पाय वाजवत येईन.